स्टेडियमला किती एकर लागतात?

(आषाढीच्या दिवसांत पंढरपूरला धरणग्रस्त शेतकरी आणि आदिवासी कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं अभ्यासशिबिर झालं. त्यात आमच्या तालुक्याच्या गटानं मांडलेलं हे भाषण. बोलताना तुटलेली वाक्यं तेवढी जोडून घेतली आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आमचा विषय ऐकून काल रात्री पंगतीत हशा झाला. एक बाबा म्हणाले, जमिनीच्या शिबिरात स्टेडियम कशाला काढता, क्रिकेटची टीम काढताय का? हसण्यासारखंच आहे. फाल्गुनापर्यंत आम्हीही हसलो असतो.

फाल्गुनात आमच्या गावच्या गायरानात चुना पडला. सकाळी बाया पाण्याला गेल्या तर उंबरापासून ओहळापर्यंत पांढरी रेघ. कुणी म्हणालं शाळेचे खेळ असतील. दोन दिवसांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक रंगीत चित्र लागलं. खाली लिहिलेलं, ‘नियोजित आधुनिक बहुउद्देशीय क्रीडासंकुल’, आणि जागा ४० एकर. चित्रात वर मोठं छप्पर, पुढं मोटारी, हिरवंगार गवत, गोरी-गोरी माणसं फिरताहेत. आमचा उंबर त्यात नव्हता. जी झाडं होती ती कुठली, ते गावात एकालाही ओळखता आलं नाही.

त्या गायरानात आमची बावीस घरं नागली, वरई आणि थोडी खुरासणी करतात. बापजाद्यापासून करतात. सातबाऱ्यावर नाव सरकारचं. बाकी जागेवर गावची गुरं चरतात.

आता खरं सांगायचं तर पहिलं भांडण आमच्यातच झालं. म्हातारे म्हणाले, एक इंच द्यायचा नाही. पोरं म्हणाली, सगळ्यालाच नाही म्हणायचं का? आश्रमशाळेतली एक पोरगी आहे, जिल्ह्याला धावण्यात दुसरी आली, अनवाणी. तिचा बाप त्याच गायरानात नागली लावतो. ती बैठकीत उभी राहिली आणि म्हणाली, मला पळायला जागा पाहिजे. चुन्याची रेघ तिच्या बापाच्या तुकड्यातून गेलीय. बैठक गप्प झाली. म्हणून मग ठरवलं की ओरडायच्या आधी ही वस्तू काय असते ते शिकून घ्यायचं. तीन महिने शिकलो. एका क्रीडाशिक्षकानं मापं दिली, शहरात सेंटरिंगच्या कामाला गेलेल्या पोरांनी पायऱ्या कशा ओततात ते सांगितलं. ते सगळं इथं मांडतो. आज आमच्याकडं आलंय, उद्या तुमच्याकडं येईल.

आधी मैदान. पळायच्या ट्रॅकची एक फेरी ४०० मीटरची. दोन बाजू सरळ, प्रत्येकी ८४.३९ मीटर. दोन टोकांना अर्धगोल, त्याची त्रिज्या ३६.५ मीटर. पळायच्या आठ पट्ट्या, एकेक १.२२ मीटर रुंद. बाहेरच्या कडेनं मोजलं तर लांबी १७७ मीटर आणि रुंदी साडेब्याण्णव मीटर भरते. म्हणजे १६ हजार चौरस मीटरच्या थोडं वर. गुंठा १०१ चौरस मीटरचा, हे तुम्हाला सांगायला नको. भागून बघा: चार एकर दोन गुंठे. फुटबॉलचं मैदान त्या ट्रॅकच्या पोटातच बसतं. भाला, गोळा, लांब उडी, सगळं त्यातच. खो-खोला पाच गुंठे लागत नाहीत. कबड्डीला दीड गुंठा पुरतो. बसायची जागा, पाणी, संडास, कपडे बदलायच्या खोल्या असं धरून आणखी दोन-तीन एकर घाला. सात झाले. मग ४० कशाला?

हा प्रश्न आम्ही चित्रालाच विचारला. चित्रात मोटारी होत्या. एक मोटार उभी करायला आणि वळवायला मिळून २५ मीटर तरी चौरस लागतात, म्हणजे गुंठ्यात चार मोटारी. हजार मोटारींना सव्वासहा एकर. पळणाऱ्या पोरांपेक्षा उभ्या मोटारींना जास्त जमीन! आणि आमच्या तालुक्यात हजार मोटारी नाहीतच. उरलेल्या जागेवर चित्रात विश्रामगृह होतं, दुकानांचे गाळे होते, आणि एका कोपऱ्यात ‘भावी विस्तार’ असं लिहिलं होतं. तो कोपरा सगळ्यात मोठा.

दुसरी गोष्ट दिशेची. धावण्याचं मैदान उत्तर-दक्षिण लांब ठेवतात. पूर्व-पश्चिम ठेवलं तर संध्याकाळी ऊन सरळ डोळ्यांत जातं. हे शास्त्र बरोबर आहे, आमच्या पोरांनी पळून बघितलं. पण आमच्या गायरानातली सपाट पट्टी आहे पूर्व-पश्चिम. उत्तर-दक्षिण बसवायचं तर एका बाजूला टेकडी कापावी लागेल आणि दुसऱ्या बाजूला ओहळ बुजवावा लागेल. तो ओहळ म्हणजे खालच्या वाडीचं पाणी. ज्यानं चित्र काढलं त्यानं जागा पाहिली नाही, हे असं कळलं. आम्ही कुणावर आरोप करत नाही, कागदच बोलतो.

तिसरी गोष्ट पायऱ्यांची. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक ओळ जरा वर घ्यायची. जितकं मागं जावं तितका उठाव वाढवावा लागतो, म्हणून स्टेडियम बाहेरून उंच दिसतं. त्या उंच पायऱ्यांखाली पोकळी राहते. शहरात त्या पोकळीत गाळे काढतात आणि भाड्यानं देतात. म्हणजे पायऱ्या खेळासाठी वर गेल्या, आणि खाली बाजार बसला. छप्पर बिनखांबाचं पुढं काढायचं, कारण खांब आला की दिसत नाही. त्यात लोखंड लई जातं. आणि छप्पर बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला असतं, जिथं मोठी माणसं बसतात. दार पण वेगळं. या पंढरपुरात १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी दहा दिवस उपाशी बसले, ते दार सगळ्यांना एक असावं म्हणूनच ना? नवीन इमारतीत ते दार परत वेगळं होतं, फक्त तिकिटाच्या रंगानं.

आता ‘बहुउद्देशीय’ हा शब्द. यावर थोडं थांबतो, कारण सगळी मेख त्यात आहे.

खेळापुरतं बघितलं तर बहुउद्देशीय मैदान कुठल्याच खेळाला नीट बसत नाही. फुटबॉलभोवती ट्रॅक घातला की बघणारा लांब पडतो. क्रिकेटचं मैदान ४०० मीटरच्या ट्रॅकमध्ये मावतच नाही. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली सगळ्या खेळांसाठी म्हणून वर घुमट असलेलं ॲस्ट्रोडोम बांधलं. घुमटाच्या काचांतून येणाऱ्या उजेडानं चेंडू दिसेना, म्हणून काचांना रंग दिला. रंग दिल्यावर आत उजेड पोचेना, गवत मेलं. मग पुढच्या वर्षी प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. तेव्हापासून जगात ते गवत विकलं जातं.

पण शब्दाचा दुसरा अर्थ महत्त्वाचा. जागा एकदा ‘बहुउद्देशीय’ झाली की उद्देश कोण ठरवणार? त्याच अमेरिकेत लॉस एंजलिस शहरात चावेझ रॅव्हाइन नावाची टेकड्यांची वस्ती होती, मेक्सिकन मूळ असलेल्या कष्टकऱ्यांची. १९५० च्या सुमारास सांगितलं, इथं गरिबांसाठी घरं बांधायचीत, जागा सोडा, नव्या घरांत पहिला हक्क तुमचा. लोक उठले. नंतर घरांची योजनाच रद्द झाली. जमीन बेसबॉलच्या क्लबाकडं गेली. १९५९ मध्ये उरलेल्या घरांतल्या बायांना पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. १९६२ मध्ये तिथं स्टेडियम सुरू झालं. उद्देश बदलला, जमीन परत आली नाही. उजनीच्या साथींना यातलं काही नवीन वाटणार नाही. धरण १९८० ला पुरं झालं, त्या वेळी दिलेले शब्द काल रात्री इथं पुन्हा एकदा मोजून झालेत.

आणि चिलीत, १९७३ च्या सप्टेंबरात लष्करानं सत्ता घेतली तेव्हा सँटियागोचं राष्ट्रीय स्टेडियम हजारो लोकांना कोंडायचा तुरुंग झालं. बहुउद्देशीयच म्हणायचं.

आपल्या राज्यातलंही बघू. १९९४ च्या जानेवारीत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. पुण्याजवळ बालेवाडी आणि म्हाळुंगे या गावांच्या शेतजमिनीवर शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली, दीडशे एकरांच्या आसपास. वास्तुरचनाकार शशी प्रभू, मुंबईचं वानखेडे स्टेडियमही त्यांचंच. काम मोठं झालं हे खोटं बोलून चालणार नाही. ॲथलेटिक्सचं मैदान, पोहायचे तलाव, कुस्ती-बॅडमिंटनचे हॉल, सगळं एका ठिकाणी. आपल्या पोरांनाही तिथं जायला मिळावं असं आम्हाला वाटतं. पण त्याच थंडीत किल्लारीची माणसं पत्र्याच्या शेडमध्ये होती. मनात आणलं की किती लवकर बांधता येतं, ते दोन्हीकडं बघून कळलं.

वानखेडेचीही कथा ऐकण्यासारखी आहे. चर्चगेटजवळ ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ पासून आहे. तिथं सामन्याला कुणाला किती जागा द्यायच्या यावरून दोन संस्थांचं फाटलं. म्हणून हाकेच्या अंतरावर दुसरं बांधलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथं वेस्ट इंडिजशी कसोटी सामना झाला. आपण त्याआधीची दोन वर्षं दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. खुर्च्यांच्या भांडणातून स्टेडियम होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं.

बांधणाऱ्यांचंही बोललं पाहिजे, कारण आपण जमीन गेल्यावर तिथंच मजूर म्हणून जातो. १९८२ ला दिल्लीत एशियाड भरलं. स्टेडियमं, पूल, हॉटेलं रात्रंदिवस बांधली. किमान मजुरी रोज ९ रुपये २५ पैसे होती. जमादार मधला एक रुपया कापून घ्यायचा आणि मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडायचे. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना सुप्रीम कोर्टात गेली. सप्टेंबर १९८२ मध्ये निकाल आला. न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच, घटनेच्या कलम २३ चा भंग. हा निकाल आजही आपल्या कामाचा आहे. रोजगार हमीवर, कूपतोडीवर, ऊसतोडीवर, कुठंही. ज्यांच्याकडं त्याचा मराठी सारांश नाही त्यांनी जाताना आमच्याकडून कागद घ्यावा.

आता कायदा. जमीन तीन तऱ्हेची, म्हणून कागदही तीन तऱ्हेचे. हे नीट ऐका, इथंच लोक फसतात.

एक, मालकीची. ती १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं घ्यायचे. गोऱ्यांनी केलेला कायदा, शंभर वर्षांहून जास्त चालला, २०१४ पासून रद्द झालाय. कलम ४ ची नोटीस निघायची, त्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ लिहिलेलं असायचं. ती गॅझेटात, दोन वर्तमानपत्रांत आणि गावात लागायची. तिथून ३० दिवसांत कलम ५-अ खाली हरकत घ्यावी लागायची. ३० दिवस गेले की हात बांधले. कधी कधी कलम १७ लावायचे, तातडी आहे म्हणायचे, आणि हरकतीचा हक्कच काढायचे. स्पर्धेची तारीख जवळ आली ही तातडी झाली काय, हे विचारायला पाहिजे होतं. कलम ६ ची घोषणा झाल्यावर दोन वर्षांत निवाडा झाला नाही तर संपादन पडायचं. पैसे घेताना ‘हरकत राखून’ असं लिहून अंगठा द्यावा लागायचा, नाहीतर कलम १८ खाली कोर्टात वाढ मागता येत नव्हती. आणि एक गैरसमज काढून टाका. महसूल संहितेच्या कलम ३६ मुळं आदिवासीची जमीन बिगरआदिवासी सावकार घेऊ शकत नाही, ते खरं. पण सरकारनं संपादन करायचं म्हटलं तर ते कलम आड येत नाही.

दोन, जंगलाची. स्टेडियम हे वनेतर काम. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानं दिल्लीच्या मंजुरीशिवाय वनजमीन त्याला देता येत नाही. हाच कायदा आपल्या प्लॉटवर वरवंटा म्हणून फिरवतात. मग इथं पण दाखवा की.

तीन, गायरान. इथं सगळ्यात वाईट. जमीन सरकारची धरलेली, त्यामुळं कलम ४ बिलम ४ काही येत नाही. भरपाई नाही, हरकतीचे दिवस नाहीत. एक दिवस महसूल संहितेच्या कलम ५० ची नोटीस येते: अतिक्रमण हटवा. पिढ्यान्‌पिढ्या नागली लावणारा माणूस एका कागदानं अतिक्रमणदार होतो. पण इथंच आपल्या हातात एक गोष्ट आहे. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर कसत असलेल्या दलित-आदिवासी भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची, असं त्यात आहे. लढून मिळवलेला निर्णय आहे तो. पुरावा लागतो. तलाठ्याकडं गाव नमुना १-ई असतो, अतिक्रमणाचं रजिस्टर. त्यात आपलं नाव असलं पाहिजे. दंडाची पावती फाडली असेल तर ती जपा. पावतीला घाबरून चुलीत घालणारे आमच्यात चार निघाले. दंड भरला म्हणजे गुन्हा झाला असं त्यांना वाटलं. अहो, तोच पुरावा!

इथपर्यंत आल्यावर त्या पोरीचा प्रश्न परत समोर येतो. तिला काय द्यायचं?

क्रीडाशिक्षकानं सांगितलं ते आम्हाला पटलं. चित्रातला लाल ट्रॅक रबरासारखा असतो. खाली डांबराचा थर, वर जेमतेम अर्धा इंच ते मटेरियल. खर्च अफाट. उन्हापावसात दहा-बारा वर्षांत परत घालावा लागतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या आधी जगात बहुतेक जण राखमातीच्या ट्रॅकवरच पळत होते. मिल्खासिंग १९६० ला रोममध्ये चौथा आला तो तसल्याच ट्रॅकवर. मुरूम, चाळलेली राख, खाली दगडगोट्यांचा थर आणि कडेनं चर, म्हणजे पाणी साचत नाही. हे काम आपल्याला येतं. रोजगार हमीतून होण्यासारखं आहे. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते गोळेश्वरच्या लाल मातीत घडलेले. राजस्थानातला भिल्लांच्या मुलखातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर शिकला आणि सेऊलच्या ऑलिंपिकला गेला. १९२८ ला ऑलिंपिकचं पहिलं हॉकीचं सुवर्ण आणणाऱ्या संघाचा कप्तान जयपालसिंग मुंडा, तो तर आपलाच. पुढं घटना समितीत आदिवासींसाठी भांडला तोही तोच.

बसायच्या जागेसाठी कोल्हापूरचं खासबाग बघा. शाहू महाराजांनी १९१२ ला पुरं केलं. मध्ये कुस्तीचा हौद, आणि भोवती सगळीकडून चढत गेलेला मातीचा उतार. हजारो माणसं बसतात आणि सगळ्यांना मल्ल दिसतो. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे, हे मघाचंच शास्त्र, पण काँक्रीटचा डोंगर न करता. आमच्या गायरानाला तर टेकडीचा उतार आयताच आहे. तो कापायचा कशाला? त्यावरच बसता येतं.

आणि काल आपण वाखरीला जाऊन आलो. बाजीराव विहिरीजवळ रिंगण झालं. लाखभर माणसांनी आपणच गोल धरला, मध्ये अश्व धावला, मागून टाळकरी, विणेकरी, तुळशीवाल्या बाया धावल्या. मग उडीचे खेळ, फुगड्या. भिंत नाही, तिकीट नाही, पाटी नाही. आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, हे बघा बहुउद्देशीय. नंतर लोक पुढं चालायला लागले आणि रान रान राहिलं. त्या गर्दीला पाणी आणि संडास मात्र नव्हते, तेही सांगितलं पाहिजे. वारीचं कौतुक करून बायांचे हाल झाकायचे नाहीत.

तर आमच्या ग्रामसभेनं वैशाखात ठराव केला, तो असा. गावाच्या पडीक माळावर, जिथं कुणी कसत नाही आणि सपाटी उत्तर-दक्षिण आहे, तिथं सात एकरांचं मैदान द्यावं. राखमातीचा ट्रॅक, खो-खो, कबड्डी, तिरंदाजीला जागा, पोरींसाठी दाराला कडी असलेली खोली, पाण्याची टाकी. जागा ग्रामपंचायतीकडं राहावी आणि खेळ सोडून दुसऱ्या कशालाही देऊ नये. गायरानातली बावीस घरं १९९१ च्या निर्णयानं आधी नियमित करावीत, चुना नंतर टाकावा. ठरावाला तालुक्याच्या कचेरीनं पोच दिली, उत्तर दिलेलं नाही. माळ शाळेपासून दीड मैल लांब पडतो, ही अडचण आहे. ती पोरगी म्हणाली, दीड मैल तर मी पळतच जाईन. तिचा बाप काही बोलला नाही. त्याचा तुकडा अजून सुटलेला नाही ना.

मोजणी परत दिवाळीनंतर आहे असं तलाठी म्हणतो. तोपर्यंत नागली कापून होईल. १-ई चे उतारे नऊ घरांचे मिळालेत, तेरा राहिलेत. येत्या सोमवारी बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे कचेरीत जाणार आहोत. शेजारच्या दोन तालुक्यांतून ज्यांना अर्ज लिहिता येतो अशा साथींनी यावं. भाकरी आमच्याकडं, कार्बन पेपर आणि कोरे कागद तेवढे आपले आणा.